मॅस्टोडॉनसाठी ब्राउझर एक्स्टेन्शन लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅस्टोडॉन, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणारं समाजमाध्यम, रोज वापरणाऱ्या आणि थोडंफार जावास्क्रिप्ट येणाऱ्यांसाठी हे पान आहे. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. एखादी अडचण सारखी जाणवते, ती ब्राउझरमध्येच सोडवता येईल असंही वाटतं, पण हात कुठून घालायचा ते कळत नाही. अशा वेळी जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच साधं काम धरलं आहे : दुसऱ्या सर्व्हरवर दिसलेली पोस्ट एका क्लिकमध्ये आपल्या सर्व्हरवर उघडायची.

मॅस्टोडॉनला वेगळं एक्स्टेन्शन लागतंच कशाला?

समजा तुमचं खातं मॅस्टोडॉन डॉट सोशलवर आहे. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एका पोस्टची लिंक पाठवली, ती फॉसटोडॉन डॉट ऑर्गवरची. लिंक उघडली की तुम्ही फॉसटोडॉनच्या दारात उभे असता आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. पोस्ट वाचता येते. फेव्हरिट करायला किंवा उत्तर द्यायला गेलात की अडता.

याचं कारण मॅस्टोडॉनमधली चूक नाही. ब्राउझरमध्ये लॉगिनची कुकी त्या त्या डोमेनपुरती असते. फॉसटोडॉनच्या पानाला तुमचं खातं दुसरीकडे कुठे आहे हे विचारण्याची सोयच नाही, आणि तशी सोय असती तर प्रत्येक संकेतस्थळाने तुमचा माग काढला असता. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून तिथे एक खिडकी उघडते, तिच्यात आपल्या सर्व्हरचं नाव टाकलं की पुढचं काम होतं. सोय चांगली आहे, पण प्रत्येक नव्या सर्व्हरवर ते नाव पुन्हा टाकावं लागतं. एक्स्टेन्शन मात्र ब्राउझरमध्येच राहत असल्यामुळे तुमचा घरचा सर्व्हर कोणता हे त्याला एकदाच सांगावं लागतं, आणि ही माहिती कुठल्याही संकेतस्थळाला द्यावी लागत नाही. ब्राउझर एक्स्टेन्शन या प्रकाराला अगदी साजेसं असं हे काम आहे.

अशी एक्स्टेन्शन्स आधीपासून आहेतच की. मग नवं का लिहायचं?

आहेत. ‘मॅस्टोडॉन सिम्प्लिफाइड फेडरेशन’ आणि ‘फेडिॲक्ट’ ही दोन्ही वर सांगितलेलंच काम आपापल्या पद्धतीने करतात. ‘स्ट्रीटपास’ची कल्पना निराळी आणि मला फार आवडलेली आहे. मॅस्टोडॉनच्या प्रोफाइलवर आपल्या संकेतस्थळाच्या लिंकपुढे हिरवी खूण यावी म्हणून लोक त्या संकेतस्थळावर ‘रेल-मी’ प्रकारची, म्हणजे ‘हे प्रोफाइल माझंच’ असं सांगणारी, लिंक ठेवतात. तुम्ही वेबवर हिंडत असताना स्ट्रीटपास अशा लिंका टिपतं आणि ज्यांची पानं तुम्ही वाचलीत त्यांतलं मॅस्टोडॉनवर कोण कोण आहे याची यादी तुमच्याच ब्राउझरमध्ये तयार करतं.

नवं लिहिण्याआधी यांचा कोड वाचा. तुमचं काम एखाद्या दुरुस्तीने भागणार असेल तर ती दुरुस्ती त्यांच्याकडेच पाठवा. वापरणाऱ्यांचं भलं त्यात जास्त आहे. शिकण्यासाठी नवं लिहायचं असेल तर मात्र कोणाला विचारत बसू नका.

पोस्ट आपल्या सर्व्हरवर उघडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी : मॅस्टोडॉनवर पोस्टचा क्रमांक त्या त्या सर्व्हरपुरताच असतो. तीच पोस्ट फॉसटोडॉनवर एका क्रमांकाची आणि तुमच्या सर्व्हरवर वेगळ्याच क्रमांकाची असते. म्हणून पत्त्यातलं डोमेन बदलून क्रमांक तोच ठेवला तर ‘पान सापडलं नाही’ असंच उत्तर येणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच पोस्ट उघडणार. सगळ्या जाळ्यात एकच ओळख चालते, ती म्हणजे पोस्टचा मूळ पूर्ण पत्ता.

तो पत्ता आपल्या सर्व्हरला देण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता लॉगिनचा. सर्व्हरच्या एपीआयमधल्या (म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायच्या सोयीतल्या) शोधाच्या दुसऱ्या आवृत्तीला तो पत्ता द्यायचा आणि ‘रिझॉल्व्ह’ हा पर्याय चालू ठेवायचा. मग तुमचा सर्व्हर मूळ सर्व्हरकडे जाऊन पोस्ट घेऊन येतो, स्वतःचा क्रमांक देतो आणि तो तुम्हाला परत करतो. त्या क्रमांकावर फेव्हरिट, बूस्ट, उत्तर काहीही करता येतं.

दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे. मॅस्टोडॉनच्या प्रत्येक सर्व्हरवर ‘ऑथराइझ इंटरॲक्शन’ नावाचं एक पान असतं. त्याच्या पत्त्याला पोस्टचा किंवा प्रोफाइलचा मूळ पत्ता जोडला आणि ते टॅबमध्ये उघडलं की झालं. तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन असताच, त्यामुळे पोस्ट तुमच्या खात्यात उघडते. एक्स्टेन्शनला टोकन (खात्याच्या वतीने काम करू देणारी किल्ली) लागत नाही, पासवर्ड लागत नाही, तुमच्या खात्याला त्याचा स्पर्शही होत नाही. हे पान नेमकं कुठे आहे हे अंदाजाने ठरवायचीही गरज नाही. घरच्या सर्व्हरला वेबफिंगरने आपल्या हँडलबद्दल विचारलं की उत्तरात ‘सबस्क्राइब’ या नावाखाली त्या पत्त्याचा साचा मिळतो. वेबफिंगर म्हणजे हँडलवरून खात्याची माहिती विचारण्याची पद्धत, २०१३मध्ये आरएफसी ७०३३ म्हणून ठरलेलं प्रमाण. साचा तिथूनच घेतला तर मॅस्टोडॉन नसलेल्या पण तोच संकेत पाळणाऱ्या सर्व्हरवरही तुमचं बटण चालतं.

मग लॉगिन करून टोकन घेण्याची गरज कधी पडते?

पान न बदलता तिथल्या तिथे फेव्हरिट किंवा फॉलो करायचं असेल, नाहीतर आपण त्या व्यक्तीला आधीच फॉलो करतो का हे दाखवायचं असेल, तेव्हा.

त्यात एक अडचण विकेंद्रित जाळ्याचीच आहे. एका कंपनीची सेवा असती तर ॲप एकदाच नोंदवून किल्ली मिळाली असती. इथे वापरणारा कोणत्या सर्व्हरवरचा असेल ते आधी माहीत नसतं. म्हणून ज्याचा जो सर्व्हर असेल तिथे एक्स्टेन्शन त्याच क्षणी स्वतःची नोंदणी करतं, ओळखक्रमांक घेतं आणि मग लॉगिनचं पान उघडतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांकडेही यासाठी ‘आयडेंटिटी’ नावाची सोय आहे. लॉगिन झालं की ब्राउझर उत्तर थेट एक्स्टेन्शनकडे आणून देतो.

नोंदणीत मिळणाऱ्या ‘क्लायंट सीक्रेट’वर भरवसा ठेवू नका. वापरणाऱ्याच्या संगणकावर पडलेली गोष्ट गुपित राहत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या मॅस्टोडॉन ४.३पासून पीकेसीई (लॉगिनचं उत्तर मधेच कोणी चोरलं तरी त्याला ते वापरता येऊ नये अशी सोय) चालतं, ते जरूर वापरा. आणि परवाने मागताना सरसकट ‘वाचणे’, ‘लिहिणे’ असे मागू नका. फेव्हरिटचा परवाना वेगळा आहे, फॉलोचा वेगळा, शोधाचा वेगळा. लॉगिनच्या पानावर ही यादी वापरणाऱ्याला दिसते. फेव्हरिटच्या बटणासाठी आलेल्या माणसाला तिथे ‘तुमच्या वतीने पोस्ट लिहिणे’ असं दिसलं तर तो परत फिरेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

टोकन कुठे ठेवायचं?

ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात. ‘सिंक’ साठ्यात अजिबात नको, कारण तो मजकूर ब्राउझरच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत इतर यंत्रांवर जातो.

पानात शिरणाऱ्या कोडच्या, म्हणजे कंटेंट स्क्रिप्टच्या, हाती टोकन देऊ नका. त्याने फक्त ‘या पत्त्याची पोस्ट फेव्हरिट करायची आहे’ एवढा निरोप एक्स्टेन्शनच्या मागच्या भागाकडे, म्हणजे पानाबाहेर चालणाऱ्या बॅकग्राउंड कोडकडे, द्यावा. विनंती पाठवणं, टोकन जोडणं हे काम मागच्या भागाचं. निरोपातून आलेला पत्ता खरंच ‘एचटीटीपीएस’चा आहे का हेही मागच्या भागाने तपासावं.

सगळ्या संकेतस्थळांची परवानगी मागावीच लागेल ना? सर्व्हर तर हजारो आहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि इथेच बहुतेक एक्स्टेन्शन्स गरजेपेक्षा जास्त मागतात. हजारो डोमेनची यादी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती आणि परवानग्या सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिता येत नाही हे खरं. रोज नवे सर्व्हर सुरू होतात, जुने बंद पडतात. म्हणून लोक सोपा मार्ग घेतात आणि ‘सर्व संकेतस्थळं’ असं लिहून मोकळे होतात. त्याचा अर्थ असा, की मॅस्टोडॉनचं एक बटण दाखवण्यासाठी तुम्ही त्या माणसाच्या बँकेचं, दवाखान्याचं आणि ईमेलचं पान वाचण्याची मुभा मागता आहात.

‘ॲक्टिव्ह टॅब’ ही परवानगी यावर चांगला उपाय आहे. वापरणाऱ्याने टूलबारवरचं बटण दाबलं की त्याच टॅबपुरता, त्याच वेळेपुरता प्रवेश मिळतो. बसवताना कोणतीही इशारेवजा पाटी येत नाही. यात एक क्लिक जास्त पडते हे मान्य. प्रत्येक पोस्टखाली आपोआप बटण हवं असेल तर ऐच्छिक परवानगी मागा : वापरणारा ज्या सर्व्हरवर म्हणेल तेवढ्याच सर्व्हरसाठी, तो म्हणेल तेव्हा.

एपीआयला विनंत्या पाठवायला त्या डोमेनची परवानगी लागेल असंही अनेकांना वाटतं. मॅस्टोडॉनपुरतं बोलायचं तर ती लागत नाही. त्याचे सर्व्हर एपीआय, वेबफिंगर आणि टोकन देणाऱ्या पत्त्यावर कोणत्याही मूळ ठिकाणाहून आलेल्या विनंत्या स्वीकारतात, म्हणजे सीओआरएस मोकळं असतं. एक्स्टेन्शनच्या मागच्या भागातून साधी ‘फेच’ केली की उत्तर येतं. ज्याची गरज नाही ते मॅनिफेस्टमधून काढून टाका.

उघडलेलं पान मॅस्टोडॉनचं आहे हे ओळखायचं कसं?

डोमेनच्या नावावरून कधीच नाही. मॅस्टोडॉनच्या वेब इंटरफेसचा मुख्य डबा ‘मॅस्टोडॉन’ याच आयडीचा असतो, ती पहिली खूण. खात्री करायची तर सर्व्हरच्या ‘नोडइन्फो’ पत्त्यावर विचारा. तिथे सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती दोन्ही मिळतात, शिवाय पिक्सेलफेड, फ्रेंडिका, गोटूसोशल यांच्यासारखे इतर सर्व्हरही ओळखता येतात.

पुढची गोम अशी, की हा इंटरफेस रिॲक्टमध्ये लिहिलेला आहे. एका पोस्टवरून दुसरीवर गेलात तरी पान नव्याने उघडत नाही, नुसता पत्ता बदलतो. तुमची स्क्रिप्ट मात्र एकदाच चालून गेलेली असते. त्यामुळे ‘म्युटेशन ऑब्झर्व्हर’ लावून बदलांवर नजर ठेवावी लागते. सीएसएस क्लासच्या नावांवर फार विसंबू नका, ती आवृत्तीगणिक बदलतात. पत्त्याची घडण आणि पानातल्या लिंका त्यापेक्षा टिकाऊ असतात.

क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींना एकच कोड पुरतो का?

जवळजवळ. दोघेही मॅनिफेस्टची तिसरी आवृत्ती चालवतात, फायरफॉक्स जानेवारी २०२३च्या १०९ आवृत्तीपासून. मुख्य फरक मागच्या भागात आहे. क्रोममध्ये तो सर्व्हिस वर्करच असावा लागतो, फायरफॉक्समध्ये तो साध्या स्क्रिप्टच्या रूपात असतो. दोन्ही ब्राउझरच्या १२१ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये दोन्ही नोंदी एकत्र ठेवता येतात, जो तो आपली नोंद उचलतो.

क्रोमचा सर्व्हिस वर्कर साधारण ३० सेकंद काम नसलं की बंद होतो. जागतिक चलात ठेवलेली माहिती त्याच्याबरोबर जाते. ‘आत्ता चालत होतं, चहा घेऊन आलो तर चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी इथे बघा. राहायला हवं ते सगळं साठ्यात लिहा.

मोबाइलवर चालवायचं तर अँड्रॉइडवरचं फायरफॉक्स आहे. डिसेंबर २०२३पासून त्यावर एक्स्टेन्शन्स सर्वांना खुली झाली. अँड्रॉइडवरचं क्रोम ती चालवत नाही. सफारीसाठी एक्स्टेन्शन ॲपच्या रूपात गुंडाळावं लागतं, आणि ॲपलच्या स्टोअरमधून वाटायचं तर वर्षाला ९९ डॉलरचं सभासदत्व लागतं. एकट्याने करणाऱ्याने सफारी नंतरसाठी ठेवावं असं माझं मत आहे.

क्रमांकांमध्ये गडबड होते, शेवटचे आकडे बदलतात. असं का?

मॅस्टोडॉनचे क्रमांक १८ अंकी असतात. जावास्क्रिप्टची संख्या ९,००७,१९९,२५४,७४०,९९१पर्यंतच नेमकी राहते, आणि ते होतात १६ अंक. त्यापुढे शेवटचे अंक गोल होतात. म्हणूनच एपीआय हे क्रमांक मजकूर म्हणून पाठवतं. त्यांचं संख्येत रूपांतर करू नका, एवढंच.

मराठी मजकुरासाठी वेगळं काही करावं लागतं का?

लागतं, आणि हे काम आपण केलं नाही तर दुसरं कोणी करणार नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून मोठा लोंढा मॅस्टोडॉनवर आला. ट्विटरची मालकी बदलल्यावर २०२२च्या अखेरीस आणखी एक लोंढा आला. मॅस्टोडॉनच्या इंटरफेसचं मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. तेव्हा तुमच्या एक्स्टेन्शनमधून देवनागरी जाणार हे धरूनच चाला.

पहिली अडचण अक्षरं मोजण्याची. ‘महाराष्ट्र’ हा शब्द जावास्क्रिप्टच्या साध्या लांबीने मोजला तर १० भरतो, कारण काना आणि हलन्त हेही वेगळे धरले जातात. ‘इंटल सेगमेंटर’ या जावास्क्रिप्टमधल्या अक्षरगट तोडणाऱ्या साधनाने मोजला तर म, हा, रा, ष्ट्र असे ४ मिळतात. पण युनिकोडच्या १५.१ आवृत्तीआधीच्या नियमांप्रमाणे जोडाक्षर फुटतं आणि म, हा, रा, ष्, ट्, र असे ६ होतात. मॅस्टोडॉनचा सर्व्हर असेच दृश्य अक्षरगट मोजतो, आणि त्याचं उत्तर तो रुबी या भाषेच्या ज्या आवृत्तीवर चालतो तिच्यावर अवलंबून राहतं. शिवाय लिंक कितीही लांब असो, ती २३ अक्षरांची धरतात. मर्यादा मुळात ५०० आहे, पण काही सर्व्हर ती वाढवतात. ती सर्व्हरच्या माहितीतून वाचा, कोडमध्ये ५०० असं कोरून ठेवू नका. तुमचा मोजणारा आकडा अंदाज म्हणून दाखवा आणि पोस्ट अडवण्याचा निर्णय सर्व्हरवर सोडा. मराठीत लिहिणाऱ्याला ‘मर्यादा संपली’ असं खोटंच सांगणारी खिडकी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

दुसरी अडचण शब्द शोधण्याची. ठरावीक शब्द असलेल्या पोस्ट लपवणारं एक्स्टेन्शन लिहिताना रेग्युलर एक्स्प्रेशनमधली नेहमीची शब्दसीमेची खूण देवनागरीत चालत नाही, कारण ती फक्त रोमन अक्षरं ओळखते. मग लोक युनिकोडमधला ‘अक्षर’ हा वर्ग वापरतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार येत नाहीत. परिणाम असा, की ‘#पुणे’ हा हॅशटॅग ‘#प’ एवढाच हाती लागतो. ‘अक्षर’ वर्गाबरोबर ‘चिन्ह’ वर्गही घ्या.

तिसरी अडचण जास्त छुपी आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो : काही कळफलक नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत. ‘ॲप’मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच : एक स्वतंत्र अक्षर आहे, दुसरं ‘अ’, जोडक आणि चंद्र मिळून होतं. युनिकोडचं एनएफसी (सुटे भाग जोडून केलेलं प्रमाण) रूप केलं तर नुक्ता वेगळा टंकलेला ‘ऱ’ जागेवर येतो, पण जोडकाची रूपं तशीच राहतात. ती तुम्हालाच एका रूपात आणावी लागतात. तुलनेपुरतीच आणा. लिहिणाऱ्याच्या मूळ मजकुराला हात लावू नका.

बटणावरचे आणि सेटिंग्जमधले शब्द कोडमध्ये न लिहिता भाषेच्या वेगळ्या फाइलींमध्ये ठेवा. ब्राउझर ‘एमआर’ या संकेताने मराठीची फाइल आपोआप उचलतो. मराठी फाइल पहिल्या दिवशी करून ठेवली तर पुढे कोणी कन्नड, कोणी कोकणी घेऊन येतं.

लोकांच्या पोस्ट गोळा करून शोध किंवा विश्लेषण देणारं एक्स्टेन्शन करू का?

स्वतःच्या ब्राउझरमध्ये, स्वतःला दिसलेल्या पोस्टपुरतं, स्वतःसाठी असेल तर हरकत नाही. त्या पोस्ट तुमच्या सर्व्हरवर जमा होणार असतील तर माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. मॅस्टोडॉनवर बरेच लोक नेमके यासाठीच आले, की त्यांचं लिखाण कोणी गुपचूप गोळा करू नये. ४.२ आवृत्तीत पोस्टमधल्या मजकुराचा शोध आला तोसुद्धा ज्याने स्वतःहून होकार दिला त्याच्याच पोस्टपुरता. हा होकार प्रोफाइलच्या माहितीत मिळतो. तो तपासा आणि पाळा.

आणखी एक. तुमचं एक्स्टेन्शन चालायला तुमचा स्वतःचा सर्व्हर लागत असेल तर तुम्ही विकेंद्रित जाळ्याच्या मधोमध एक नवं केंद्र उभारत आहात. तो सर्व्हर बंद पडला, विकला गेला किंवा फोडला गेला तर सगळे वापरणारे एकदम अडकतात. मोजणीचा कोडही नको. किती जण वापरतात हे स्टोअर सांगतंच.

विनंत्यांवर मर्यादा आहे का?

मुळात प्रत्येक खात्याला ५ मिनिटांत ३०० विनंत्या. किती उरल्या हे प्रत्येक उत्तराच्या शीर्षांमध्ये येतं. पण आकड्याच्या आत राहिलो म्हणजे भागलं असं समजू नका. बरेच सर्व्हर एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून, खिशातले पैसे घालून चालवतो, आणि ‘रिझॉल्व्ह’सह केलेला प्रत्येक शोध त्याच्या सर्व्हरला तिसऱ्याच सर्व्हरकडे धावायला लावतो. पानावरच्या सगळ्या पोस्ट आधीच शोधून ठेवू नका. वापरणाऱ्याने बटण दाबल्यावरच शोधा.

परवाना कोणता घ्यावा?

मॅस्टोडॉन स्वतः एजीपीएल ३ खाली, म्हणजे बदललेला कोडही खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली, आहे. नुसतं एपीआय वापरलं म्हणून तोच परवाना तुम्हाला लागू होत नाही. मात्र त्याच्या कोडमधून हॅशटॅगची एखादी रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा फंक्शन उचललंत तर होऊ शकतो, म्हणून उचलण्याआधी विचार करा. एमआयटी, एमपीएल, जीपीएल सगळे चालतात. माझा कौल जीपीएल ३ला आहे. एक्स्टेन्शनचा कोड उचलून, त्यात जाहिराती घालून, बंद स्वरूपात परत वाटण्याचे प्रकार होतात, त्यांना निदान कायद्याचा अडसर राहतो. परवान्याची फाइल पहिल्या कमिटमध्येच घाला. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असूनही कोणी तो वापरू शकत नाही.

नावात ‘मॅस्टोडॉन’ घालता येईल का?

ते नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे आणि त्याच्या वापराचं धोरण प्रकल्पाच्या संकेतस्थळावर दिलेलं आहे. ते वाचा. ‘मॅस्टोडॉनसाठी अमुक’ आणि ‘मॅस्टोडॉन अमुक’ यांतला फरक लक्षात ठेवा, आणि आयकॉन स्वतःचा काढा.

स्टोअरमध्ये टाकायला काय लागतं?

फायरफॉक्सकडे पैसे लागत नाहीत. कोड बांधून लहान केलेला असेल तर मूळ कोड आणि तो बांधण्याच्या सूचना द्याव्या लागतात. नोव्हेंबर २०२५पासून नव्या एक्स्टेन्शनने आपण कोणती माहिती गोळा करतो हे मॅनिफेस्टमध्येच सांगायचं आहे, काहीच करत नसलात तरी. क्रोमकडे एकदाच ५ डॉलर भरायचे. मागितलेल्या परवानग्या जितक्या रुंद तितकी तपासणी लांबते, त्यामुळे ‘ॲक्टिव्ह टॅब’चा इथेही फायदा होतो. बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवणं दोन्हीकडे मना आहे.

पोस्टचा मजकूर एचटीएमएल म्हणून येतो. तो ‘इनर एचटीएमएल’ने सरळ पानात ओतलात तर फायरफॉक्सची तपासणी टोकेल. टोकलं नाही तरी तसं करू नका. कोणत्या तरी अनोळखी सर्व्हरवर तयार झालेला मजकूर आहे तो.

कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणजे सुरक्षित झालं ना?

नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं खूप लोकप्रिय, ओपन सोर्स एक्स्टेन्शन होतं. २०२०मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्यांच्या हाती दिलं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते स्टोअरमधून काढलं. गोची अशी होती, की स्टोअरमधल्या आवृत्तीत असा बदल आला होता जो सार्वजनिक कोडमध्ये नव्हता. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतं, त्यामुळे मालक बदलल्याचं वापरणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून प्रत्येक आवृत्तीला कोडमध्ये टॅग लावा आणि स्टोअरमधलं पॅकेज त्या टॅगवरून कोणालाही तसंच्या तसं बांधता येईल अशी व्यवस्था ठेवा. बांधणीची साधनं जितकी कमी तितकं हे सोपं जातं. आमच्या उदाहरणातल्या बटणाला बांधणीची गरजच नाही, साध्या फाइली झिप केल्या की झालं. प्रकल्प सोडायची वेळ आली तर तो विकू नका. तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाकडे द्या आणि तसं आवृत्तीच्या नोंदीत लिहा, नाहीतर सरळ बंद करा.

चाचणी कशी करायची?

मोझिलाचं ‘वेब-एक्स्ट’ हे साधन घ्या. फाइल जतन केली की ते एक्स्टेन्शन नव्याने चढवतं, आणि चुकाही दाखवतं. क्रोममध्ये डेव्हलपर मोड चालू करून फोल्डर थेट चढवता येतो. फेडरेशन, म्हणजे सर्व्हरांमधली देवाणघेवाण, तपासायचं तर दोन वेगळ्या सर्व्हरवर दोन खाती लागतात. खात्यांवर ‘चाचणीसाठी’ असं लिहा, पोस्टची दृश्यता मर्यादित ठेवा आणि आपोआप फॉलो-अनफॉलो करणाऱ्या चाचण्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवू नका.

मदतीला माणसं आणि पैसा कुठून मिळेल?

कोड कोडबर्गवर ठेवता येतो. बर्लिनची ही ना-नफा संस्था भाषांतरासाठी वेबलेटही चालवते. पुणे आणि मुंबईत फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या बैठका होतात. तिथे चालतं बटण दाखवलंत तर वापरून बघणारे भेटतात, आणि पहिल्या खऱ्या त्रुटी त्यांच्याकडूनच कळतात. निधीसाठी नेदरलँड्सची एनएलनेट फेडिव्हर्सच्या, म्हणजे मॅस्टोडॉनसारख्या एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यातल्या, प्रकल्पांना अनुदान देते. भारतात फॉस युनायटेडची अनुदानं आहेत, आणि झेरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड आहे, तो मोठ्या, आधीच वापरात असलेल्या कामांना जास्त योग्य. एका बटणासाठी अनुदान मागू नका. मराठी मजकुराची तुलना आणि मोजणी करणारी लायब्ररी वेगळी काढलीत तर मात्र जरूर मागा. ती इतरांनाही लागणार आहे.

हेच ब्लूस्काय किंवा नॉस्टर या दुसऱ्या समाजमाध्यमांसाठी चालेल का?

कल्पना चालेल, कोड नाही. मॅस्टोडॉन ज्यावर चालतं ते ॲक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत प्रमाण झालं. ब्लूस्कायचं एटी प्रोटोकॉल वेगळं आहे, आणि तिथल्या बहुतेक लिंका एकाच संकेतस्थळाच्या असल्यामुळे परक्या दारात उभं राहण्याची वेळ सहसा येत नाही. नॉस्टरमध्ये एक्स्टेन्शनची भूमिका फारच मोठी आहे : तिथे खातं म्हणजेच खाजगी किल्ली. एनआयपी-०७ या संकेतानुसार एक्स्टेन्शन ती स्वतःकडे ठेवतं आणि पानाच्या वतीने सही करून देतं. किल्ली गेली की ओळख कायमची गेली. पहिलं एक्स्टेन्शन म्हणून ते काम घेऊ नका.

आज सुरुवात करायची तर पहिली आवृत्ती केवढी असावी?

मोजक्या छोट्या फाइलींची. मॅनिफेस्टमध्ये दोनच परवानग्या : ‘ॲक्टिव्ह टॅब’ आणि ‘स्टोरेज’. सेटिंग्जचं एक पान, त्यात एकच चौकट : तुमचं पूर्ण हँडल. ते जतन करताना घरच्या सर्व्हरला वेबफिंगरने विचारून पत्त्याचा साचा साठवून ठेवायचा. आणि मागच्या भागात एकच काम : टूलबारवरचं बटण दाबलं की चालू टॅबचा पत्ता घ्यायचा, तो नीट एन्कोड करून साच्यात बसवायचा आणि त्याच टॅबमध्ये उघडायचा. हँडल भरलेलं नसेल तर सेटिंग्जचं पान उघडायचं. फेव्हरिट नाही, बूस्ट नाही, टोकन नाही. हे चालू झालं की फायरफॉक्सच्या स्टोअरमध्ये टाका. पुढचं काय हवं ते वापरणारे स्वतःच येऊन सांगतील.